डेल्टा कशाचा

मानवत
८ ऑक्टोबर

ती. अक्कास महारुद्रचा सा. न.

फोन करून करून बोट दुखलं, तू उचलत नाहीस. काल दाजींनी उचलला आणि ‘ती गोठ्यात आहे’ म्हणाले. रात्रीचं जेवण झाल्यावर तू गोठ्यात काय करतेस, हे मी विचारलं नाही. शेवटी म्हटलं पत्र लिहावं. पत्राला ‘ती गोठ्यात आहे’ असं सांगून वाटेला लावता येत नाही.

दोन तारखेच्या ग्रामसभेत जे झालं त्यानं मलाही बरं वाटलेलं नाही. बोलावलंस तूच. ‘माझा भाऊ मानवतच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो, तो येऊन हिशेब करून दाखवील’ असं तू सासरच्या गावात महिनाभर सांगत होतीस. ओढ्यावर मातीचा बांध घालायची कल्पना तुझी, बचत गटाच्या बायांना उभं केलंस तूच, आणि दिनकररावांनी आपल्या शेताच्या कडेची पट्टी दिली तीही तुझ्या शब्दावर. बांधाआधीच्या मे महिन्यात आणि बांधानंतर यंदाच्या मे महिन्यात तुम्ही पाचजणींनी आपापल्या विहिरी मोजल्या. आकडे तुमचेच, मी फक्त सरासरी काढली. आधी बावन्न फूट, आता त्रेचाळीस.

मग मी फळ्यावर तो छोटा त्रिकोण काढला. तू त्याला दुसऱ्या दिवशी ‘शंकरपाळं’ म्हणालीस असं कानावर आलंय. त्याचं नाव डेल्टा. डेल्टा म्हणजे बदल. नंतरचं वजा आधीचं, एवढाच त्याचा अर्थ. त्रेचाळीस वजा बावन्न, वजा नऊ. वजा आलं की घट. गाडी हळू झाली की वेगाचा डेल्टा वजा, चहा गार झाला की तापमानाचा डेल्टा वजा. वीस वर्षं हेच शिकवत आलो. पाणी घटलंय ते मी घटवलेलं नाही, अक्का. जे आलं ते सांगितलं. बहीण आहे म्हणून उत्तर बदलायचं असेल तर मग शिकायचं तरी कशाला?

तू मन लावून काम केलंस, ते फळाला आलं नाही. असं होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फोन उचल.

तुझा
महारुद्र

*

हिवरवाडी, पो. पेडगाव
१७ ऑक्टोबर

चि. महारुद्रास अक्काचे अनेक आशीर्वाद.

मी खरंच गोठ्यात होते. म्हशी काही विचारत नाहीत, म्हणून हल्ली तिथंच बरं वाटतं.

लाजण्यासारखं काही नाही म्हणतोस. तू मानवतला आहेस, तिथं बसून ते लिहिता येतं. इथं मी दुकानात गेले की बोलणं थांबतं. त्या दिवशी मी नवं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसले होते. या घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण माहेरचं माणूस आलं की अजूनही मी जरा ताठ चालते. माझा भाऊ फळ्यापाशी उभा राहिला, सगळं गाव गप्प झालं, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणीच आलं होतं. मग तू म्हणालास, पाणी घटलं. लोकांनी तुझ्याकडं नाही बघितलं, माझ्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी दिनकरराव दारात आले. ओरडले असते तर सोसलं असतं. पायरीवर बसले आणि हळूच म्हणाले, “बाई, तुमच्या शब्दावर पट्टी दिली. पोरगं नको म्हनत हुतं, त्याला मी गप केलं. आता तुमचेच भाऊ म्हनायलेत पानी घटलं. मंग मी तितं हरभरा कामून पेरू नये?” दिवाळी झाली की ते जेसीबी आणून बांध सपाट करणार आहेत. दोन वर्षं आम्ही बायांनी टोपलीनं माती वाहिली, ती एका सकाळी जाईल. त्यांचाही काही दोष नाही.

एक विचारायचं होतं. कोणाजवळ बोलले नाही, तुलाच लिहिते. आमच्या विहिरीत काठावरून दगड बांधलेला दोर सोडला की आधी कितीतरी खाली गेल्यावर दगड पाण्याला टेकायचा. यंदा मे महिन्यात लवकर टेकला. मला आनंद झाला होता. पण गावाचं पाणी घटलं आणि आमच्याच विहिरीत वर कसं आलं? आमचं शेत बांधाला लागून आहे. सगळ्यांच्या वाटचं पाणी माझ्याच विहिरीत ओढलं गेलं, असं होतं का रे? तसं असेल तर मी गावात कोणत्या तोंडानं फिरू?

दिनकररावांना तू दोन शब्द सांगून बघ. तुझं ऐकतील.

तुझी
अक्का

*

मानवत
२४ ऑक्टोबर

ती. अक्कास सा. न.

पत्र वाचून वाईट वाटलं आणि थोडं हसूही आलं. शितावरून भाताची परीक्षा होते, विहिरीवरून गावाची होत नाही. सरासरीचा अर्थच हा की कुणाचं वर, कुणाचं खाली. वर्गात एखाद्या पोराला पैकीच्या पैकी पडतात, म्हणून वर्ग पास होत नाही. तुझी विहीर वर आली, याचा अर्थ दुसऱ्या कुणाची तेवढीच, कदाचित जास्तच, खाली गेली.

आता तू विचारलंस म्हणून सांगतो, बांधानं पाणी तुझ्या शेताकडं वळवलं असणं शक्य आहे. नक्की सांगता येणार नाही. पण हे गावात बोलू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दिनकररावांना मी काय सांगणार? मीच हिशेब मांडला आणि मीच बांध राखा म्हणू? माझं ऐकशील तर तूच त्यांच्याकडं जा आणि ‘मोडा’ म्हण. त्यांनी मोडण्याआधी आपण म्हटलेलं बरं, मान राहतो.

एक गंमत. सभेतला माझा फोटो आमच्या प्राचार्यांनी कॉलेजच्या फलकावर लावलाय. खाली लिहिलंय, ‘विज्ञान गावाच्या दारी’. मागं फळ्यावर डेल्टा स्पष्ट दिसतो. पोरं येता-जाता बघतात.

भाऊबीजेला येणं जमेलसं दिसत नाही. घरी पाहुणे आहेत. साडी पाठवून देतो.

तुझा
महारुद्र

*

हिवरवाडी
३ नोव्हेंबर, भाऊबीज

चि. महारुद्रास आशीर्वाद.

साडी मिळाली. रंग चांगला आहे. पाट मांडून ठेवला होता, पाहुण्यांना घेऊन आला असतास तरी चाललं असतं. शेवटी चंद्राला ओवाळलं.

फोनवर घरातले ऐकतात आणि पोस्टानं वेळ लागेल, म्हणून हे पत्र मानवत गाडीच्या कंडक्टरजवळ देते.

परवा सुलाबाई आल्या होत्या. बौद्धवस्तीतली विहीर त्या मोजतात. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या, मग दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, “ताई, कुनाला म्हनू नका. आमच्या हिरीचं पानी वर आलंय. गावाचं घटलं आन् वस्तीचं वाडलं म्हनल्यावर लोकं काय म्हनतील तुमाला ठाव हाय. वस्तीनं पळिवलं म्हनतील. म्हनून मी सभेत तोंड उगाडलं न्हाई.”

मी त्यांना माझ्या विहिरीचं सांगितलं.

मग मीच आमच्या पाचजणींतल्या रोहिणीला विचारलं. ती रडायलाच लागली. तिचीही वर. तिला वाटत होतं सासरा म्हणेल तूच काहीतरी उलटं केलंस. पार्वतीबाईंची वर. कडूबाईंची वर. पाचीजणी महिनाभर आपापली विहीर लपवून बसलो होतो, चोरीचा माल लपवावा तशा. प्रत्येकीला वाटत होतं, आपलीच तेवढी वर आली आणि बाकीच्यांचं आपल्यामुळं गेलं.

मग प्रश्न आला की खाली कोणाची गेली? पाचच तर विहिरी मोजल्या. कडूबाई म्हणाल्या, “सर शिकलेले हायत, ते चुकायचे न्हाईत. आपले दोरच आखडले असतील.” आम्हाला ते पटलं, खरं सांगते. रोहिणीनं पाची दोर उन्हात वाळवून टेपानं मोजले. दोर होते तेवढेच आहेत.

हसू नकोस. आम्ही डोळ्यांनी पाणी बघितलं होतं आणि तरी आधी दोरावर संशय घेतला. तुझ्यावर घ्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही. माझ्या तर नाहीच. तू सांग आता, काठापासून पाण्यापर्यंत मोजलेलं अंतर पाचीजणींचं कमी झालं, तर तुझा त्रिकोण काय म्हणतो? मला त्यातलं कळत नाही. दिनकररावांचा जेसीबी येत्या सोमवारी आहे. लवकर लिही.

तुझी
अक्का

*

मानवत
६ नोव्हेंबर

ती. अक्का,

कंडक्टर डेपोत थांबलाय, त्याच्याच हाती हे देतोय.

तुझे दोर बरोबर आहेत. तुमच्या विहिरी बरोबर आहेत. आकडे बरोबर, वजाबाकीही बरोबर. चुकलो मी.

डेल्टा नुसता कधी लिहीत नाहीत. त्याच्यापुढं अक्षर असतं आणि बदल कशाचा ते त्या अक्षरावरून कळतं. मी वर्गात घसा फोडून सांगतो, ‘आधी विचारा, कशाचा डेल्टा?’ तुमच्या गावात मी ते विचारलंच नाही. त्रेचाळीस आणि बावन्न हे पाणी नव्हतं. काठापासून पाण्यापर्यंतची मोकळी जागा होती. मोकळी जागा नऊ फुटांनी कमी झाली, म्हणजे पाणी नऊ फूट वर आलं. वजा नऊ ही तुमची कमाई होती आणि मी ती गावासमोर तोटा म्हणून वाचली. मी आपल्या बोरी गावात वाढलो, विहीर काठापासून मोजतात हे मला कॉलेजात जायच्या आधीपासून माहीत आहे. वजा दिसला आणि तोंडातून घट आलं, सवयीनं.

त्याहून वाईट सांगतो. काठावरून दोर सोडल्याचं तू मागच्या महिन्यातच लिहिलं होतंस. मी ते वाचलं आणि तुला सरासरी शिकवली. तुझ्या डोक्यात घातलं की तू गावाचं पाणी ओढलंस. मला स्वतःची लाज वाटते, अक्का.

बांध वाचला पाहिजे. सोमवारच्या आत दिनकररावांना कळलं पाहिजे. यात वाद नाही.

पण एक मागणं आहे. मागू नये असं आहे. कॉलेजच्या फलकावर तो फोटो अजून आहे. डेल्टासकट. अकरावीच्या पहिल्या धड्यातलाच विषय माझा चुकला, हे बाहेर आलं तर मी उभा कुठं राहू? तू असं सांगशील का, की आकडे लिहून देताना तुझ्याकडून खालीवर झाले? आधीचा आकडा नंतरच्या जागी आणि नंतरचा आधीच्या. मग उत्तर अधिक नऊ येतं. लोकांना तेवढं पुरे. बांधही राहतो. तुझं काही जाणार नाही, बाईमाणसाची चूक लोक चार दिवसांत विसरतात.

हे वाक्य लिहिलं आणि खोडावंसं वाटलं. पण खोडत नाही, कारण मला तेच म्हणायचं आहे.

महारुद्र

*

हिवरवाडी
१४ नोव्हेंबर

चि. महारुद्रास.

तू सांगितलंस तसं सांगितलं.

रविवारी मारुतीच्या पारावर माणसं होती, दिनकरराव होते. मी म्हणाले, माझ्या हातून आकडे उलटे लिहिले गेले, सरांनी काढलेलं उत्तर त्यामुळं उलटं आलं, पाणी वाढलंय. कोणी एक प्रश्न विचारला नाही. तू फळ्यावर एवढं समजावलंस तेव्हा चार-दोन जणांनी शंका काढल्या होत्या. माझी चूक म्हटल्यावर सगळ्यांना एका दमात पटलं.

दिनकरराव खूश झाले. जेसीबीवाल्याला तिथूनच फोन लावला. “बाई, आदीच नीट लिवलं असतं तर खामखा महिनाभर झोप गेली नसती,” म्हणाले. बांध आहे तिथं आहे. तुझ्या दाजींनी रात्री विचारलं, “खरंच तू उलटं लिहिलंस?” मी हो म्हणाले. आपलेच दात, आपलेच ओठ. पण माझ्या हातून आकडा चुकत नाही, हे त्यांना माहीत आहे.

माझं एकटीचं असतं तर गिळलं असतं. तसं झालं नाही. ग्रामपंचायतीनं ठरवलं, यापुढं विहिरी क्लार्क मोजणार. बायांना आकडे झेपत नाहीत म्हणे. पाची दोर पंचायतीत जमा करून घेतले. रोहिणीचा सासरा तिला चार माणसांत ‘उलटी मोजणारी’ म्हणतो. आणि सुलाबाई दारात आल्या, आत आल्या नाहीत. “ताई, आकडे आमीबी सांगितले हुते. मी धा येळा मोजलं हुतं. तुमी उलटं म्हनल्या, मंग आमीबी उलट्याच झालो का?” त्यांना मी काय सांगू? भावासाठी खोटं बोलले म्हणू? वस्तीतून येऊन त्यांनी मला खरं सांगितलं होतं, आणि मी पारावर जाऊन तेच पुसलं. तुझ्या लाजेचं तू बघ, मला माझीच आवरेना.

आता दुसरी बातमी. सव्वीस जानेवारीला गाव तुझा सत्कार करणार आहे. उलट्या आकड्यांतूनही सरांनी एवढा हिशेब केला, म्हणून. सरपंच स्वतः पत्र पाठवतील. ये किंवा नको येऊस, मी सांगणार नाही. आलास तर सुलाबाईंकडं एकदा बघ.

अक्का

*

मानवत
२८ जानेवारी

ती. अक्कास सा. न.

दोन महिने मी पत्र लिहिलं नाही. लिहायला घेतलं की तुझं चौदा तारखेचं पत्र पुढं यायचं. शेवटी ठरवलं की लिहायचं नाही, येऊन सांगायचं, सगळ्यांसमोर, त्याच फळ्यावर. तिकडं येण्याआधी कॉलेजातला फोटो मी स्वतः काढून टाकला. प्राचार्यांनी कारण विचारलं, ते सांगितलं. त्यांनी फोटोखालची पट्टीही काढायला सांगितली. ते मी सोसलं.

परवा तुझ्या गावात जे झालं ते मला सोसत नाही.

तू होतीस, तुला सगळं माहीत आहे, तरी लिहितो. शाल अंगावर टाकल्यावर मी माइक घेतला. म्हणालो, आकडे उलटे नव्हते, उलटा मी होतो. फळ्यावर विहीर काढली, काठ काढला, दोर काढला. बावन्न कुठून कुठपर्यंत, त्रेचाळीस कुठून कुठपर्यंत, ते दाखवलं. डेल्टा कशाचा, ते आधी विचारायचं असतं आणि मी विचारलं नाही, हे सांगितलं. पाची बायांची नावं घेतली. माझी अब्रू राहावी म्हणून माझ्या बहिणीनं माझी चूक स्वतःवर घेतली, तिला मीच तसं करायला लावलं, हेही सांगितलं.

मला वाटलं, झालं, समजलं. मग सरपंच उठले आणि माझा हात वर धरून म्हणाले, “भाऊ असावा तर असा. बहिनीची चूक आपल्या अंगावर घ्यायला जिगर लागतंय.” टाळ्या पडल्या. मी पुन्हा माइककडं गेलो, म्हणालो, मोठेपणा नाही हा, हे खरं आहे. टाळ्या आणखी वाढल्या. दिनकररावांनी डोळे पुसले. मी विहिरीवर बोट ठेवून उभा होतो आणि लोक माझ्या शालीकडं बघत होते.

तू म्हणाली होतीस म्हणून सुलाबाईंना शोधलं. त्या दूर होत्या. तू कुठं होतीस ते मला दिसलंच नाही. सभा संपल्यावर घरी आलो तर तू परत गोठ्यात. दाजींनी चहा दिला.

मी खोटं बोलायला सांगितलं ते गावानं लगेच मानलं, आणि खरं बोललो ते मोठेपणा म्हणून खपलं. आता मी काय करू? घरोघर जाऊन सांगू? जिथं सांगशील तिथं येतो.

तुझा
महारुद्र

*

हिवरवाडी
९ फेब्रुवारी

चि. महारुद्रास अक्काचे आशीर्वाद.

घरोघर फिरू नकोस. प्रत्येक घरी चहा देतील आणि भाऊ असावा तर असा म्हणतील. तुझं पोट बिघडेल, बाकी काही होणार नाही.

तू बोललास ते मला पोचलं. सुलाबाईंनाही पोचलं. सभा उठल्यावर त्या फळ्यापाशी गेल्या, तू काढलेल्या विहिरीपुढं बराच वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “सर खरं बोलले. पन आता कुनाला लागायलंय ते?” त्यानंतर त्या माझ्याशी पहिल्यासारख्या बोलतात. जवळजवळ पहिल्यासारख्या. रोहिणी अजून बोलत नाही, तिला घरात रोज ऐकावं लागतं. मे महिन्यात क्लार्क मोजणार हे ठरलेलंच आहे, त्यात बदल नाही. तुझ्या भाषणानंतर कोणीतरी म्हणालं, सर एवढे चांगले आहेत, त्यांनाच वर्षाला एकदा बोलवू.

तुझ्यावर राग होता तो आता उरला नाही. राग असता तर बरं झालं असतं, निदान तुझ्याकडं बोट करता आलं असतं. तू मागितलंस, पण पारावर तोंड माझंच उघडलं. मी नाही म्हणू शकत होते. माहेरची लाज राखली म्हणून त्या रविवारी घरी येताना मला आतून थोडं बरंही वाटलं होतं. ते आज तुला सांगते.

मी कुठं होते, विचारलंस. मागं भिंतीला टेकून उभी होते. सगळ्या बायांच्या मागं. तू माझं नाव घेतलंस, सरपंचांनी तुझा हात वर धरला आणि सगळं गाव मान वळवून माझ्याकडं बघायला लागलं. बहिणीला केवढं भरून आलं असेल, ते त्यांना बघायचं होतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. ओरडून सांगावंसं वाटलं. पण एवढी माणसं बघत होती, म्हणून मीही टाळ्या वाजवल्या.

तुझी
अक्का